अण्णाचा कॅमेरा आणि मी पुसलेला चेहरा

एका मेलेल्या पोरीचे होते तेवढे दोनच फोटो मी माझ्या हातानं डिलीट केले.

आज अण्णाची पुण्यतिथी. त्याच्याबद्दल लिहायचं तर हे आधी सांगावं लागेल.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. भालकीत बसस्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ. त्याचा कॅमेरा जुना, जड, रोलचा. ना सेल, ना बॅटरी. लिव्हर ओढायची, बटण दाबायचं. खट्.

पावसात भिजला, मोटारसायकलवरून पडला. तरी खट्.

आमच्याकडे तेव्हा कित्येकांचा जिवंतपणी फोटोच निघायचा नाही. माणूस गेलं की फोटोग्राफरला बोलावणं यायचं. भिंतीला टेकवून बसवायचं, हार घालायचा, मग फोटो.

मयताला अण्णा छत्तीस फोटोंचा नवा रोल घालायचा. दोन फोटो काढायचा आणि बाकीचा रोल कोराच धुवायचा.

"अण्णा, चौतीस फोटो वाया घालवायलास. कामून?"

"त्याच रोलवर उद्या लग्न काढू व्हय? रोल बिघडला तर लग्नवाल्यांचं परत काढता येतंय. ह्यांचं कुठून आणू?"

मी हसलो होतो. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून आलो ते गळ्यात डिजिटल अडकवूनच. रोलचा जमाना गेला, हे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचो. शहाणाच होतो मोठा! अण्णाचा कॅमेरा कपाटात गेला.

मग जवळच्या खेड्यातून सोनक्का नावाच्या एका बाईचा निरोप आला. तिची नऊ वर्षांची लेक लक्ष्मी तापानं दोन दिवसांत गेली होती. अण्णाची कंबर धरलेली, म्हणून मी गेलो.

दोन फोटो काढले. स्क्रीनवर बघितले. मस्त आलेत, असं मनात आलं. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी उदगीरला लग्न. कार्ड भरलेलं. सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय, असं समजून मी फॉरमॅट दाबलं.

घेतलं नव्हतं.

सोनक्का दर बाजारी यायची. "बाबा, आला का फोटो?"

कधी लाइट नाही म्हणालो, कधी प्रिंटर बिघडलाय. ती मान हलवायची आणि पुढच्या बाजारी परत यायची.

शेवटी अण्णानं मला खोदून विचारलं. ओरडला नाही. चपला घालून तिच्या गावाला गेला आणि खरं सांगून आला. आल्यावर मीच विचारलं.

"काय म्हणाली रे?"

"म्हणायली, अण्णा, तिचं तोंड मला आठवंना झालंय. तुझ्या भावानं शेवटचं नीट बघितलंय, त्याला इचार. कशी होती रे ती?"

मी उजेड बघितला होता. फ्रेम बघितली होती. केसांतली पिवळी रिबीन तेवढी आठवत होती.

पुढं काही वर्षांनी अण्णा गेला. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले, स्वतःचा एक धड नाही. सकाळी त्याला भिंतीला टेकवून बसवलं. मी माझा नवा कॅमेरा काढला. तोवरचा तिसरा. आधीचे दोन केव्हाच बंद पडले होते.

गर्दीतून सोनक्का पुढं आली. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं बघितलं.

"ह्यानं नको, बाबा. त्याच्या कॅमेऱ्यानं काढ."

कपाट उघडलं. कॅमेऱ्यावर बोटभर धूळ. नवा रोल घातला, लिव्हर ओढली.

खट्. परत एकदा, खट्.

सोबतचा फोटो त्यातलाच.

उरलेल्या चौतीस फ्रेम मी कोऱ्याच सोडल्या. धुतलेल्या निगेटिव्हची ती पट्टी माझ्याकडं आहे. उजेडाला धरली की पहिल्या दोन घरांत अण्णा दिसतो. पुढच्या रिकाम्या घरांत मी लक्ष्मीला शोधतो. रिबीन दिसते. तोंड दिसत नाही.

अण्णा, तुला भावपूर्ण आदरांजली.

आणि लक्ष्मी, तुलाही. मला माफ कर, बाळ.