धोंडाबाईचा चुका

हे मी कधी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी नाही. आता तुमच्यासमोर बसलेय तर आधी दार लावून घेतलंय. इतक्या वर्षांनी कुणाची भीती वाटते मला?

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. पाथर्डीकडच्या एका कोरड्या गावात मी शिक्षिका होते, बावीस वर्षांची. दर शनिवारी शाळेच्या पडवीत मुलांचा स्वयंपाकाचा वर्ग घ्यायचे. पोरं घरून मूठमूठ डाळ, बाजरीचं पीठ आणत. हात धुवायचे, भाजी आधी धुवून मग चिरायची, ती शिजवलेलं पाणी फेकायचं नाही — सगळं त्यांच्याच हातून करून घ्यायचं, मग पंगत. ओठांचे कोपरे फाटलेली ती पोरं पालेभाजी मागून खायला लागली होती. मला त्याचा फार अभिमान होता.

भाजी धोंडाबाई द्यायची. विहिरीच्या पाटाकडेला तिचे चार वाफे होते. नवरा वारलेला, एकच मुलगी — तानी. ती माझ्याच वर्गात.

आम्ही मडक्यात शिजवायचो. शाळेचं एक मोठं पितळी पातेलं होतं, पण त्याची कल्हई उडालेली. लढाईमुळे कल्हईला लागणारं कथील मिळेना, कल्हईवाला कित्येक महिने फिरकला नव्हता. बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवलं की कळकतं, पोटात विष होतं — हे मीच पोरांना शिकवलं होतं. मीच. आणि तरी —

त्या शनिवारी नगरहून शाळा तपासणाऱ्या मोठ्या बाई वर्ग पाहायला येणार होत्या. सकाळीच मडकं तडकलं. धोंडाबाईनं आंबट चुका आणून ठेवला होता, ताजा, लुसलुशीत. नुसतं वरण केलं असतं तर? सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मला पालेभाजीचा धडा दाखवायचा होता. मी पातेलं चुलीवर चढवलं.

तानी वाकून आत बघत म्हणाली, "बाई, आतून पिवळं दिसतंय. यात आंबट घालत न्हाईत ना?"

मी तिला ताटल्या मांडायला पिटाळलं.

मोठ्या बाई उशिरा आल्या. भाजी दुपारपर्यंत त्याच पातेल्यात राहिली. पोरं जेवली, आणि थोड्याच वेळात एकामागून एक ओकायला लागली — पडवीत, पायरीवर, अंगणात. एक लहानगा निपचित पडला, डोळे वर गेले. त्याची आई ऊर बडवत धावत आली. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तो पोरगा नाही. माझं आता काय होणार — हे आलं.

मोठ्या बाईंनी विचारलं, "भाजी कुठली?"

त्यांनी भाजीचं विचारलं, पातेल्याचं नाही. मी म्हणाले, "धोंडाबाईच्या वाफ्यातली. त्यात काही भलतं रोप आलं असेल."

मुलं वाचली. तो लहानगासुद्धा तिसऱ्या दिवशी उठून बसला. पण गावाला माझं एक वाक्य पुरलं. 'भलतं रोप'चं 'तिनंच काही कालवलं' झालं, आणि दोन दिवसांत 'करणी'. तिचे वाफे तुडवले. विहिरीवर तिला पाणी भरू देईनात.

ती माझ्या दारात आली. सोबत तानी.

"बाई, तानी म्हनती भांड्याला कल्हई नव्हती. तुमी येकदा चावडीवर सांगा. तुमचं आयकतील लोकं."

पातेलं तेव्हा माझ्या खाटेखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. मी तानीकडे बघितलं नाही. म्हणाले, "पोर भेदरलीय. काहीबाही बोलते." आणि दार लावून आतून कडी घातली. त्या कितीतरी वेळ बाहेर उभ्या होत्या. मी दाराला पाठ लावून — धोंडाबाई ओरडेल, गाव गोळा करेल, म्हणून कान देऊन उभी होते. ती ओरडली नाही.

आठवड्याच्या आत मायलेकी गाव सोडून गेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही. पुढे कुठून कथील मिळालं तेव्हा पातेल्याला गुपचूप कल्हई करून घेतली, वर्ग पुन्हा भरू लागला. मी प्रसंगावधान राखलं, असं मोठ्या बाईंनी कौतुकानं लिहून पाठवलं. मात्र कुठलंही मूल चुलीपाशी वाकून भांड्यात बघू लागलं की मी त्याला ताटल्या मांडायला पिटाळायचे. माझी बदली होईपर्यंत असंच चाललं.

मागच्या वर्षी त्या वर्गातला एकजण मला शोधत आला, बायको-पोरांना घेऊन. पाया पडला. पोरांना म्हणाला, "ल्हानपनी एका बाईनं आमाला इख घातलं हुतं. या बाई हुत्या म्हनून आमी वाचलो."

पोरं माझ्याकडे बघत राहिली.

मी त्यांना म्हणाले, "आता जेवूनच जा."