बुरुलकान आपा आणि चार वाटे

थंडी पडायला लागली की आमच्या इमारतीतली चार घरं मिळून किर्गिझस्तानातल्या नारीनजवळच्या एका गोठ्यावरून आख्खी गाय घेतात. गाय निवडायची, कापायची, वाटे घालायचे, हे सगळं गेली वीस वर्षं बुरुलकान आपाच्या गळ्यात. आपा दवाखान्यातली नर्स होती, आता निवृत्त आहे. गुडघे मात्र तिच्याआधीच निवृत्त झाले.

यंदा गोठ्यावर पोचताच ती स्टुलावर टेकली. "मास्तर, सुरी तू धर. मी थकले रे. मी नुसता चहा पिणार."

आमचे तोक्तोबेक मास्तर गणिताचे. त्यांनी काट्यावर तोलून चार ढीग घातले, ग्रॅमचाही फरक नाही! पण एका ढिगात नुसत्या फासळ्या आणि मांड्यांची सगळी हाडं दुसऱ्यात.

"अहो मास्तर," माझी बायको कडाडली, "सासरे जेवायला आले की थोरांच्या मानाचं मांडीचं हाड लागतं. त्यांच्या ताटात काय, वजन वाढू?"

मग बाकीचेही भांडायला उठले. मास्तर काट्याकडे बघत राहिले. आम्ही हळूच आपाकडे बघितलं.

तिने अर्धा चहा खाली ठेवला, गुडघ्यांवर हात दाबून उठली आणि चारही ढीग पुन्हा एक केले.

"गाय सुटली बाई," सुरी घेत ती म्हणाली, "तिला तरी पुढच्या वर्षी यायचं नाही."