आईचं ‘जाते’

आमची आई आयुष्यात कधी ‘जाते’ म्हणाली नाही. म्हणाली ती थेट अँजिओग्राफीच्या दिवशी.

एरवी ती गच्चीवर पापड वाळत घालायला निघाली तरी ‘येते हं’. ‘जाते म्हणू नये, माणूस जातं’ हे तिने आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. मी अर्थात विज्ञाननिष्ठ. (मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, फक्त मागच्याला पुढे जाऊ देतो.) पण त्या सकाळी कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटमधून निघताना अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई देवासमोर पुटपुटली, "जाते, जाते." मी एक चप्पल पायात घालून तसाच मागे वळलो!

"काय म्हणालीस?"

"कुठे काय? लिफ्ट बोलाव."

डॉक्टर म्हणाले होते, "घाबरू नका, हृदयाच्या नळ्या एकदा बघून घेऊ." पण आईला आतून काहीतरी कळलंय, अशी माझी खात्री पटली. रिक्षात मी तिचा हात घट्ट धरला.

"सोड रे, बांगडी रुततेय!"

रिक्षावाले दादा इथल्याच गावचे. मागे वळून त्यांनी विचारलं, "आईला खांद्यावरनं नेऊ, का हायवेनं?"

पनवेलच्या वाटेवर खांदा कॉलनी लागते आणि मी रोज तिथूनच ऑफिसला जातो. पण त्या क्षणी ते नाव ऐकून मला दरदरून घाम फुटला.

"खांद्यावरून अजिबात नको! रिक्षा फिरवा! घरी चला!"

"काय रायलं काय घरी?"

"हो. एक शब्द!"

"अरे, निघाल्यावर मागे फिरू नये," आई कळवळली. म्हणजे एक अपशकुन पुसायला गेलो आणि दुसरा पदरात पाडून घेतला.

घरी येऊन कुलूप काढलं, आईला आत नेलं आणि पुन्हा दारात आणून उभं केलं.

"आता नेहमीसारखं म्हण."

"काय म्हणू?"

"नेहमीचं!"

एवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या काकूंनी दार उघडलं. आई ओशाळली. "काही नाही हो," ती त्यांना म्हणाली, "हॉस्पिटलात जाते."

हॉस्पिटलात तर कहर झाला. सिस्टर स्ट्रेचर घेऊन आली. "चला आजी, आत जायचं ना?"

"जाते की!"

मी स्ट्रेचरचा दांडा धरला. "आई, ‘येते’ म्हण!"

"नाही म्हणणार."

"एकदाच!"

"मुळीच नाही!"

"आजी, म्हणा ना," सिस्टर म्हणाली, "बिचारे रडतायत." (मी रडत नव्हतो. एसीचा वारा डोळ्यांत जात होता.) पण आईने ओठ घट्ट मिटले आणि दार बंद झालं.

खोटं कशाला सांगू, मी फार घाबरलो होतो. बाबा गेल्यापासून मला ‘अरे’ म्हणणारं घरात हे एकच माणूस उरलंय. त्या बंद दाराकडे बघत मी, विज्ञाननिष्ठ माणूस, पालीच्या गणपतीला नारळ बोललो. मग नारळ कमी पडेल असं वाटलं, म्हणून तोरण बोललो. तरी दार उघडेना. शेवटी चालत येतो म्हणालो. (पाली किती लांब आहे ते नंतर आठवलं.)

डॉक्टर हसतच बाहेर आले. "नळ्या छान आहेत. गोळ्या चालू ठेवा आणि संध्याकाळी घरी न्या."

मी धावत आईजवळ गेलो. "सकाळपासून जाते-जाते काय लावलं होतंस? जीव गेला माझा!"

"अरे, दवाखान्यातून निघताना ‘येते’ म्हणू नये, परत यावं लागतं! आणि माझ्या जिभेला जन्माची सवय. ऐन वेळी चुकू नये म्हणून सकाळपासून ‘जाते, जाते’ घोकत होते. तर तू मेल्या, मधेच ‘येते म्हण, येते म्हण’ करून माझं पाठांतर बिघडवलंस!"

संध्याकाळी निघताना आईने डॉक्टरांना हात जोडले आणि खणखणीत आवाजात, एकही अक्षर न चुकता म्हणाली, "जाते हं, डॉक्टर!"

मला इतका आनंद झाला की मीही हात जोडले, कमरेत वाकलो आणि तितक्याच खणखणीत आवाजात म्हणालो, "येतो, डॉक्टर!"

आईने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्हाला घाम बराच येतोय. जरा बसा, बीपी बघू."

आता येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची तपासणी आहे. सोबतीला आई येणार आहे, आणि रोज दिवेलागणीला मला समोर बसवून ती माझ्याकडून ‘जातो, जातो’ घोकून घेते आहे.