लॉन्सच्या बोर्डावरचं एल

आमच्याकडे लग्नाच्या कार्यालयाला आता कार्यालय म्हणत नाहीत, लॉन्स म्हणतात. केडगाव सोडून पुणे रोडला लागलात की लॉन्सच लॉन्स. गवत दिसेल तर शपथ! माझ्या चार भावांनीही वडिलांच्या ज्वारीच्या रानात लॉन्स काढायचं ठरवलं आणि नाव शोधायचं लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. शेवगावात जन्मभर इंग्रजी शिकवून मी नुकतीच रिटायर झाले होते. रिटायर बाई म्हणजे रिकामी बाई, असा सगळ्यांचा समज.

"नाव इंग्लिशच पायजे," थोरला म्हणाला. "आन त्यात आमा चौघांचं पैलं अक्षर आलं पायजे. म्हंजे कुनाची कुरकूर न्हाई."

चौघांची अक्षरं वयाप्रमाणे एम, आर, जी, डी. शेतीच्या वाटण्या सुरळीत झाल्या होत्या. आता अक्षरांवरून डोकी फुटू नयेत, एवढीच त्यांना काळजी.

मी त्यांची बहीण, धाकट्याच्या आधीची. माहेरचं नाव एलवरून. पण लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि जुनं तिथेच मिटलं. माहेरी तर मी पहिल्यापासून नुसती 'बाई'. त्यामुळे मी मनाशी ठरवलं, आपण चार नाही, पाच अक्षरं बसवायची. त्या रानात मीही खुरपलंय. माझं एल त्या बोर्डावर लागावं असं मला फार वाटत होतं. म्हातारपणी कसली ही हौस, म्हणा खुशाल.

फोनवर एक सोय असते. अक्षरं टाकली की ती ज्यात आहेत ते इंग्रजी शब्द भसाभसा बाहेर पडतात. पण आमची पाचही अक्षरं असलेला धड शब्द काही सापडेना, आणि थोरल्याचे फोन थांबेनात. म्हणून वेळ मारून न्यायला नुसत्या चौघांच्या अक्षरांचा एक दिला. ड्रीमिंग. स्वप्न बघणं. लग्नाला याहून चांगलं काय?

थोरल्याने कागदावर अक्षरं लिहून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "ह्यात डी पैलं हाय की! धाकटा म्होरं आन मी मधी? लोकं काय म्हनतील?"

घ्या! आमच्या घरात जेवणाची ताटंसुद्धा वयाच्या क्रमाने वाढतात, हे मी विसरले होते. मग गूर्मांड सुचवला. अर्थ खवय्या. लॉन्सवर जेवायला येणाऱ्यांना तंतोतंत लागू. पण त्यात तिसरा पुढे गेला. तिसरा खूश झाला आणि बाकीचे तिघे त्याच्याशी बोलेनात. इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं, पण शब्द बनवताना थोरल्या-धाकट्याचा मान ठेवला नाही. गेले ते बरंच झालं.

शेवटी पूजेसाठी झेंडूची फुलं निवडत बसले होते, तेव्हा एकदम लक्षात आलं. मॅरिगोल्ड! झेंडूच की! एम, मग आर, मग जी, शेवटी डी. आणि डीच्या अगदी आधी एल. मी ज्या क्रमाने जन्मले, त्याच जागेवर. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

रानात खुर्च्या टाकून बैठक बसली. मी शब्द मोठ्या अक्षरांत लिहून पुढे ठेवला. चौघांनी आपापल्या अक्षरावर बोट ठेवून क्रम तपासला. "लई भारी!" धाकटा ओरडला. मग उरलेल्या अक्षरांची चौकशी निघाली. ए म्हणजे आपले वडील, आण्णा. आय म्हणजे आपली आईच. ओ ओंकाराला दिलं, देव सोडून कसं चालेल? राहिलं एल. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"हे एल कुनाचं?" थोरल्याने विचारलं. "आपल्यात एलचं कुनीच न्हाई."

"लॉन्सचं धर," दुसरा म्हणाला.

"न्हाईतर लक्ष्मी," तिसरा म्हणाला. "धंद्यात लक्ष्मी पायजेच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

थोरला हसला. वाईट हेतूने नाही. लहान मुलाला हसावं तसा. "अगं बाई, तुजं नाव तर कवाच बदललं. सासरच्या नावात एल हाय का? न्हाई ना? मंग?"

"मग कचेरीत हक्कसोडीच्या कागदावर सही कुणी केली, दादा? तुम्हीच शिकवलं होतं ना मला, 'बाई, इथं माहेरचंच नाव लिही, तरच जमीन आमच्या नावावर होईल'? तेव्हा एल बरं आठवलं!"

धाकटा चपलेने माती उकरत राहिला. थोरल्याने तो कागद पुन्हा हातात घेतला आणि खाली मान घालूनच विचारलं, "मंग आता कुठं लावायचं म्हनतीस ते एल?"

"आहे तिथंच," मी म्हटलं. "धाकट्याच्या आधी. त्याला कडेवर घेऊन याच रानात मी फिरवलाय."