अडकलेलं रिव्हॉल्व्हर

माझ्या बायकोला माझ्या साखरेचा आकडा ठाऊक आहे, मी झोपेत दात खातो तेही ठाऊक आहे. हे मात्र तिला ठाऊक नाही. पोरीला नाही, जावयाला नाही, बरोबर नोकरी केलेल्या एकाही माणसाला नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो — की नको सांगू? बघा, सुरुवात केली नाही तोच पाय मागं सरकले. ते याआधीही एकदा असेच सरकले होते. तेच सांगायचं आहे.

मी पोलिसात होतो. बहुतेक नोकरी अकोला जिल्ह्यात गेली, शेवटची काही वर्षं अमरावतीला, आणि आता निवृत्त होऊन बडनेऱ्यात राहतो. सकाळी फिरायला निघालो की लोक थांबवतात. कुठं तलवारी निघाल्या, कुठं शिपायावर हल्ला झाला, की त्या दिवशी हमखास कुणीतरी विचारतं — साहेब, पोलिसांना मोठी हत्यारं द्यायला पाहिजेत की नाही? मलाच विचारतात, कारण या विषयात माझं नाव झालेलं आहे. मी हो म्हणतो. चांगलं ठासून म्हणतो. आणि मग दिवसभर माझं घरात कुणाशी जमत नाही.

नाव कसं झालं? विनोद नावाचा एक शिपाई माझ्या हाताखाली होता. पातूरकडचा, घरी काळ्या मातीची थोडी शेती, ती थोरला भाऊ वाहायचा आणि हा भरतीत लागला होता. मस्कऱ्या माणूस. माझ्या डब्यातलं भरीत मला न विचारता संपवायचा आणि वर वहिनीला सांगा, तिखट कमी पडलं, म्हणायचा. मी रागवायचो, पण तो सुटीवर गेला की डबा उघडताना चुकल्यासारखं व्हायचं. त्याला एका तडीपार गुंडानं तलवारीनं मारलं. मी सोबत होतो. माझ्या कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर होतं आणि ऐन वेळी ते अडकलं. दोनदा दाबलं, चाललं नाही. हे मी वरिष्ठांना सांगितलं, चौकशीत सांगितलं, टीव्हीवाल्यांना सांगितलं, विनोदच्या बायकोला — वर्षाला — तिच्या अंगणात बसून सांगितलं.

सगळ्यांना ते पटलं. का पटू नये? आमची हत्यारं जुनी होती, यात खोटं काहीच नव्हतं. गुंडांकडं देशी कट्टे, तलवारी, आणि त्यांच्यामागं धावणाऱ्या शिपायाच्या हातात काठी. गोळ्या म्हणजे राउंड, ते मोजून मिळायचे. एखादा हरवला तर खुलासा देता देता माणूस अर्धा व्हायचा, म्हणून आम्ही ते रिव्हॉल्व्हरमध्ये भरायचोच नाही. रुमालात घट्ट गाठ मारून खिशात ठेवायचो. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. आम्हाला तेव्हा गुंडापेक्षा राउंड हरवण्याची धास्ती जास्त होती.

शोकसभा झाली. मला बोलायला उभं केलं. मी बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोललो. म्हणालो, गुंडाच्या हातात धार आणि आमच्या हातात आजोबांच्या वयाचं लोखंड, तर आमची पोरं मरणारच. सभागृहात टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मला लाज वाटायला हवी होती. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. छाती भरून आली. समोर वर्षा पांढऱ्या पदराआड रडत होती आणि मला बरं वाटत होतं.

मागणी वरपर्यंत गेली. माझ्यामुळंच गेली असं नाही, पण जिथं गेली तिथं माझं उदाहरण पुढं केलं गेलं. खास पथक तयार झालं, त्याला स्वयंचलित रायफली मिळाल्या. दसऱ्याला पोलिसांत शस्त्रपूजा असते — हत्यारं सतरंजीवर मांडून हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या वर्षी जिल्ह्याच्या साहेबांनी मुद्दाम वर्षाला बोलावलं. विधवा बाईच्या हातून पूजा, म्हणून काही जुन्या लोकांनी तोंडं वाकडी केली, साहेबांनी जुमानलं नाही. मलाही ते मोठेपणाचं वाटलं. ती एकेका रायफलीला कुंकू लावत पुढं सरकत होती. ही असती तर माझा नवरा वाचला असता, असं तिच्या मनात असणार. ते तिच्या मनात मी घातलं होतं.

आता किती गोल फिरू?

रिव्हॉल्व्हर अडकलं नव्हतं.

मी ते दाबलंच नाही. दोनदा काय, एकदाही नाही.

तो पोळ्याचा दिवस होता. तडीपार माणूस एरवी जिल्ह्याबाहेर राहतो, पण पोळ्याला घरी येतोच. पुरणपोळी खायला येतो, बैलाच्या पाया पडायला येतो. हे आम्हाला पाठ. बार्शीटाकळीच्या बाजूला त्याचं गाव. बाकीची माणसं ठिकठिकाणच्या बंदोबस्तात अडकलेली, म्हणून आम्ही दोघंच निघालो. तो एकटाच असेल असं वाटलं; जवळ तलवार असेल असं वाटलं नाही. गावाबाहेर गाडी लावली तेव्हा विनोद म्हणाला, "भाऊ, आज तरी ते गाठ सोडा. तुमच्याजवळ भरलेलं असलं का मले समोर जाले काई वाटत नाई."

मी गाठ सोडली. राउंड भरले. त्यानं बघितलं आणि मगच काठी घेऊन तो पुढं चालू लागला. हे नीट ऐका. तो माझ्या रिव्हॉल्व्हरच्या भरवशावर पुढं गेला होता.

दुपार उतरत आली होती. सगळं गाव तोरणाखाली बैल घेऊन उभं होतं, पोळा फुटायची, म्हणजे बैल सुटायची, वाट बघत. वाजंत्री ऐकू येत होती. गुंडाचा भाऊ बैल घेऊन तिकडंच गेलेला, आणि हा चारचौघांत दिसू शकत नाही म्हणून घरामागच्या गोठ्यात बसलेला. गोठ्यात रंगाचे डबे, झुलीचे तुकडे पडले होते. विनोद आत शिरला आणि तो माणूस तलवार घेऊनच उठला. मी विनोदच्या मागं होतो. आतच बाजूला कडब्याची गंजी होती. मी तिच्या आड गेलो. कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही. मी गेलो.

रिव्हॉल्व्हर हातात होतं. कडब्याच्या पेंढ्यांमधून मला तो माणूस दिसत होता, त्याची पाठ माझ्याकडं होती. इतक्या जवळून लहान पोरानंही नेम चुकवला नसता. मी काय विचार केला ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. आवाज झाला तर त्याला कळेल मी इथं आहे. एवढंच. त्याच्या आयुष्याचा विचार केला नाही, कायद्याचा केला नाही, विनोदचा तर नाहीच. मी इथं आहे हे त्याला कळू नये. तो पळून जाईपर्यंत मी तिथून हललो नाही. दुसऱ्या दिवशी तो सापडला, शिक्षाही झाली. त्यानं मला पाहिलंच नव्हतं, म्हणून तोही माझ्याविरुद्ध काही सांगू शकला नाही.

अडकलं, हा शब्द मी ठरवून नाही काढला. गावातली माणसं धावत आली, कुणीतरी माझ्या हाताकडं बघून विचारलं, चाललं नाही का? आणि मी मान हलवली. पुढं मुख्यालयातून एक अधिकारी आले, त्यांनी रिव्हॉल्व्हर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, जुनंच आहे, होतं असं. चालवून कुणी पाहिलं नाही. ते अडकलेलं असणंच सगळ्यांच्या सोयीचं होतं, आणि सगळ्यात जास्त माझ्या.

इथंच थांबलं असतं तर? मी वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगत आलो — विनोद गेला तो गेला, निदान माझ्या थापेनं चार पोरांच्या हातात धड हत्यार तरी आलं. वाईटातून चांगलं झालं म्हणायचं. किती सोयीचं, नाही?

मला त्याच पथकाला शिकवायला अमरावतीला बोलावलं. ज्याचं हत्यार अडकलं तोच शिकवणार, म्हटल्यावर पोरं जीव लावून ऐकायची. मी त्यांना काय शिकवलं? थांबू नका. मी एक क्षण हातातल्या लोखंडाशी झगडत बसलो आणि सोबती गमावला. तुमचं अडकणार नाही. दिसलं की दाबा. प्रत्येक तुकडीला हेच.

त्यांच्यात अमोल नावाचा एक होता. शांत, सांगितलं तेवढं करणारा. एका सकाळी पथक शहराबाहेरच्या वस्तीत दरोडेखोर शोधायला गेलं. गल्लीच्या टोकाला कुणीतरी पळालं, त्याच्या हातात काहीतरी होतं, आणि अमोल थांबला नाही. पळणारा भलताच माणूस होता, त्याला लागलंही नाही. त्या रायफलीची गोळी दोन टिनपत्रे फोडून पलीकडं गेली. तिथं लीलाबाई नावाची माळ्याची बाई लग्नाच्या ऑर्डरची शेवंती ओवत बसली होती. ती जागीच गेली. माझ्या त्या जुन्या रिव्हॉल्व्हरची गोळी बहुधा पहिल्याच पत्र्याला थकली असती.

पथकाच्या साहेबांबरोबर मी तिच्या घरी गेलो. तिचा नवरा आमच्यावर ओरडेल, निदान शिव्या देईल, असं वाटलं होतं. तो फुलांवर पाणी शिंपडत होता. ऑर्डर संध्याकाळची होती, फुलं सुकायला नकोत, म्हणाला. मी तिथं उभा होतो आणि मला पहिल्यांदा कळलं की मी एका नाही, दोन माणसांचा देणेकरी आहे.

अमोलची चौकशी लागली. मला साक्षीला बोलावलं. व्हरांड्यात तो भेटला, वाळून गेला होता. रागानं नाही, खरंच समजून घ्यायचं होतं त्याला, म्हणून म्हणाला, "सर, तुमीच सांगतलं होतं ना, थांबू नका म्हणून."

तेव्हा खरं बोलता आलं असतं. आत जाऊन म्हणता आलं असतं की हा धडा ज्या प्रसंगावरून दिला तो प्रसंग घडलाच नव्हता, भित्र्या माणसानं आपला भित्रेपणा झाकायला या पोरांना घाई शिकवली. त्यानं अमोल सुटला असता का, माहीत नाही. त्याचा काही भार तरी हलका झाला असता. मी आत गेलो, खुर्चीवर बसलो, आणि विचारल्यावर पुन्हा सांगितलं — रिव्हॉल्व्हर अडकलं होतं. शिकवताना संयमाबद्दलही बोललो होतो, असंही सांगितलं. ते मी कधीच बोललो नव्हतो. अमोलची नोकरी गेली, खटला अजून चालू आहे.

तेव्हा पोलिसांना मोठी हत्यारं द्यावीत की नाही, हे मला विचारू नका. काठी घेऊन तलवारीसमोर जाणारा शिपाई मी पाहिला आहे, पत्र्याच्या आड फुलं ओवताना मेलेली बाईही पाहिली आहे. याचं उत्तर कुणीतरी शहाण्या माणसानं द्यावं. माझी साक्ष त्यातून काढून टाका, एवढंच मला कळतं.

आणि एक राहिलं. ते सगळ्यात अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवलं असेल मी.

वर्षा दर दिवाळीला मला भाऊबीजेला ओवाळते. नवऱ्याच्या जागी तिला खात्यात नोकरी लागली, पोरं शिकली. एका भाऊबीजेला ताट बाजूला ठेवून तिनं विचारलं, "भाऊ, शेवटी काई बोलले का ते?"

मी म्हणालो, तुझं नाव घेतलं. ती बराच वेळ रडली, आणि मग हसली. त्या हसण्यावर मी पुढची कितीतरी वर्षं तिच्या घरी जेवलो.

विनोदनं तिचं नाव घेतलं नव्हतं. पहिला वार बसल्यावर तो गंजीलगतच्या भिंतीला येऊन टेकला. काठी सुटली होती. तो ओरडला नाही. शेतात पुढं चालणारा माणूस मागच्याला विचारतो ना, तितक्या सहज त्यानं विचारलं, "भाऊ, कुठी हाय तुमी?" थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, हळू.

मी गंजीच्या आड, हात लांबवला तर त्याला लागेल इतका जवळ होतो. भरलेलं रिव्हॉल्व्हर हातात धरून मी श्वास रोखून धरला. त्या गुंडाला ऐकू जाऊ नये म्हणून नाही. विनोदला ऐकू जाऊ नये म्हणून.