नळाचा पक्का पत्ता

गल्लीत कुणी कधी पाणी भरायचं हे नळ ठरवत नसे, गोजरबाई ठरवत.

सोलापुरात पाणी येतं ते मानाच्या पाहुण्यासारखं, चार दिवस वाट बघायला लावून आणि वेळ न कळवता. त्यात गोजरबाईंचं घर गल्लीच्या तोंडाशी, सखलात. पाणी सुटलं की आधी त्यांचा नळ खाकरायचा, मग फुसफुसायचा. बाकीच्यांच्या मोटरी तोवर गप्प, कारण कोरडी मोटर चालवून जाळून घ्यायची हौस कुणालाच नव्हती. गोजरबाई उंबऱ्यात येऊन परातीवर उलथनं वाजवायच्या आणि मग गल्ली हलायची.

फक्त परात वाजायच्या आधी एक मिस्ड कॉल जायचा. तो अमिनाला. अमिना गल्लीच्या शेवटी, चढावर राहायची. दिवसभर चादरींचे काठ शिवायची आणि तिची मोटर तिच्या शिलाई मशीनपेक्षा जरा मोठी, एवढीच. तिचा हौद अर्धा भरला की परात. तीसुद्धा गोजरबाई उदयसिंहाच्या घराकडे पाठ करून वाजवायच्या. उदयसिंहाचं घर दोन मजली, मोटर गल्लीत सगळ्यात दांडगी. ती सुरू झाली की चढावरचे नळ नुसतेच सुस्कारे टाकायचे. शिवाय वास्तुशांतीला त्याने सगळ्या गल्लीला बोलावलं आणि गोजरबाईंना तेवढं विसरला. गोजरबाई विसरल्या नव्हत्या.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण सून पायलला सासूची दया आली. पायल टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात कामाला. तिने दोन कॅमेरे आणले, कारण एकावर एक फुकट होता. एक बसवला नळावर. दुसरा गच्चीवर, सांडगे आणि मिरच्या वाळत घातल्या होत्या तिथे, कावळ्यांवर नजर ठेवायला.

"आत्या, आता तुम्ही खुशाल जेऊरला बहिणीकडं जाऊन या. नळ मी ऑफिसातून बघते."

"बगून काय करनार? तितनं घागर लावनार हायस का?"

पायलने हसून विषय सोडला, पण काम सोडलं नाही. इंटरनेटवाल्याकडून तिने घरच्या इंटरनेटला बाहेरून गाठायचा कायमचा पत्ता घेतला आणि राउटरमध्ये एक दार उघडलं. बाहेरून त्या दाराशी कुणीही आलं की त्याला सरळ दोन नंबरच्या यंत्राकडे धाडायचं. दोन नंबर म्हणजे नळावरचा कॅमेरा. दाराची लिंक आणि पासवर्ड तिने गल्लीच्या ग्रुपवर टाकला. वीस-पंचवीस अंगठे वर आले. पहिला उदयसिंहाचा.

पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा गोजरबाईंचा हात परातीकडे जायच्या आत गल्लीतल्या झाडून सगळ्या मोटरी एकदम घरघरल्या. दुपारी अमिना रिकामी घागर घेऊन दारात.

"गोजराक्का, आज मिसकॉल न्हाय आला."

"आता त्याचं काय काम? सगळ्यास्नी फोनात दिसतंय की."

"दिसतंय की. मला बी दिसलं. हौदात काय आलं न्हाय."

गोजरबाईंनी तिची घागर भरून दिली. दुसरी, सुट्टीमुळे घरी असलेल्या पायलने भरून दिली.

संध्याकाळी लाइट गेली आणि आली. अमिना मिरच्या गोळा करू लागायला गच्चीवर आली होती. तिचं तोंड उतरलेलं बघून गोजरबाईंनी खांद्यावर टॉवेल टाकला, पोट पुढे काढलं आणि उदयसिंह मोटरीचं बटन दाबायला कसा जातो ते गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. अमिना हसून हसून सांडग्यांवर बसता बसता राहिली.

सकाळी उदयसिंह फाटकाशी थांबला.

"काकी, चाल बरी जमती तुमाला. पन माजं पोट एवडं न्हाय."

नळ बघायला फोन उघडलेल्या अख्ख्या गल्लीला म्हणे गच्ची दिसली होती. गोजरबाई तरातरा आत आल्या. पायलला हसू आवरेना.

"अहो, राउटर म्हणजे वाढपी. लाइट गेली की पंगत उठते, आली की नव्यानं बसते. एक नंबरचं पान वाढप्याचं स्वतःचं, मग जो आधी बसेल त्याला दोन नंबरचं. काल गच्चीवरचा कॅमेरा आधी जागा झाला आणि त्यानं नळाचं पान पटकावलं. आपलं दार त्याच पानाकडं नेतं."

"म्हंजे आदी उटंल त्याचं पान?"

"हां, तसंच."

"लईच सोपं हाय की," गोजरबाई म्हणाल्या आणि चहात नको तेवढा वेळ चमचा फिरवत बसल्या.

पुढच्या खेपेला नळ खाकरला तशी त्यांनी राउटरचं बटन बंद केलं, दोन्ही कॅमेऱ्यांची बंद केली. मग राउटर लावला, गच्चीवरच्या कॅमेऱ्याला आधी उठवलं, नळावरच्याला मागून. गल्लीने फोनात मिरच्या बघितल्या. अमिनाला मिस्ड कॉल गेला. अर्धा हौद भरल्यावर परात वाजली, उदयसिंहाकडे पाठ करून.

"आपल्या हितं लाइट लई जाती बाई," त्या संध्याकाळी पायलला म्हणाल्या.

"आपल्या एकट्याच्याच घरची?"

त्या रविवारी पायल पुन्हा राउटरपुढे बसली. "आता पानांवर नावं घातली बघा. कॅमेऱ्याच्या पाठीवर त्याचा स्वतःचा लांबलचक नंबर छापलेला असतो. तो राउटरला सांगून ठेवलाय. लाइट शंभरदा जाऊ दे, दोन नंबर ह्याच कॅमेऱ्याचा."

"ह्या कॅमेऱ्याचा," गोजरबाई म्हणाल्या. "नळाचा न्हाय?"

"एकच की ते, आत्या."

पायल आंघोळीला गेल्यावर गोजरबाईंनी नळावरच्या कॅमेऱ्याला हात लावून बघितला. लोहचुंबकावर बसवलेला. ओढला तसा बरणीच्या झाकणासारखा हातात आला.

बुधवारी पायल ऑफिसात होती. ग्रुपवर उदयसिंहाचा मेसेज आला: "कॅमेरा परत बिघडला का? मिरच्याच दिसायलेत." पायलने फोनात 'नळ' उघडलं. मिरच्या. मग 'गच्ची' उघडलं. तिथे नळ धो धो वाहत होता आणि घागरीखाली सासूबाईंचा बांगड्यांचा हात होता. दुसऱ्या हाताने त्या फोन कानाला न लावता नुसताच वाजवून ठेवत होत्या.

पायलला अमिनाची रिकामी घागर आठवली, आणि उदयसिंहाचा पहिला अंगठाही. मग तिने ग्रुपवर लिहिलं: "पत्ता पक्का आहे. आत्ताच तपासला."

त्यात अक्षरही खोटं नव्हतं.

इकडे थोड्या वेळाने उदयसिंह स्वतःच फाटकाशी आला. खांद्यावर टॉवेल होता.

"काकी, पानी आलंय का?"

गोजरबाई नळाकडे पाठ करून उंबऱ्यात बसल्या होत्या. परात मांडीवर. चढावरून अमिनाच्या लहान मोटरीची घरघर ऐकू येत होती.

"फोनात बग की बाबा," त्या म्हणाल्या. "मला म्हातारीला काय कळतंय त्यातलं?"