बंद खिडक्यांचा ऑगस्ट

बाबांना आम्ही जपानला, फुनाबोरीतल्या आमच्या घरी आणलं ते हवेसाठी. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात पुण्यात त्यांचा दमा फार बळावला होता. घर अगदी रस्त्यावर, खाली दिवसभर गाड्या आणि कुठलं ना कुठलं खोदकाम. डॉक्टर म्हणाले, जमत असेल तर काही महिने स्वच्छ हवेत राहू द्या. नवऱ्याने लगेच तिकीट काढलं. जूनमध्ये बाबा आले. विमानतळावरून येताना बसच्या काचेतून वर बघत म्हणाले, "आकाश धुतल्यासारखं दिसतंय गं."

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. जन्मभर गाड्यांचा धूर बघून कुठल्या इंजिनात काय बिघडलंय ते सांगायचे. इथे त्यांना कुठे धूरच दिसेना. रस्त्यावरचे ट्रकसुद्धा काहीच मागे सोडत नाहीत, याचं त्यांना फार कौतुक. मलाही बरं वाटलं. योग्य जागी आणलं आपण यांना, असं मी नवऱ्याला म्हणालेही.

आमची इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. आम्ही चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर एक जपानी बाई एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या आसपास, पाठ थोडी वाकलेली, पण कचऱ्याच्या पिशव्या स्वतः वेगळ्या करून स्वतः खाली नेणाऱ्या. एकुलता एक मुलगा दूर उत्तरेकडे नोकरीला. उन्हाळ्यात त्या बाल्कनीला जाळी लावून तिच्यावर कारल्याचा वेल चढवायच्या, घरात ऊन येऊ नये म्हणून. बाबांनी खालून तो वेल पाहिला आणि तिथेच थबकले. "ही कारलीच ना?" त्यांनी मला विचारलं, तेवढ्यात बाई बाल्कनीत आल्या. मी विचारून सांगितलं, होय, कारलीच. संध्याकाळी बाईंनी दोन कारली आणून दिली. बाबांनी त्यांची गूळ आणि गोडा मसाला घालून भाजी केली आणि वाटीभर त्यांना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी धुतलेली वाटी परत करताना बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे कडू गोष्टीत गोड घालतात का नेहमी?" बाबांना मी हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ हसत होते. आई गेल्यापासून ते तसे हसलेले मी पाहिले नव्हते.

बाई पूर्वी शाळेत नोकरीला होत्या. वर्गावर शिकवायच्या नाहीत, शाळेत मुलांच्या दुखण्याखुपण्यासाठी एक खोली असते, तिथल्या शिक्षिका होत्या. हे कळल्यावर बाबा त्यांना 'बाई' म्हणू लागले, आपण शाळेत म्हणायचो तसं. त्यांनाही तो शब्द कळला. सकाळी लवकर दोघं नदीच्या बंधाऱ्यावर फिरायला जायचे आणि एका बाकावर बसायचे. बाबा मराठीत बोलायचे, त्या जपानीत. कुणाचं काही अडलं नाही.

जुलैत पाऊस लवकर आटोपला आणि ऊन आलं. बारा वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हाही उन्हाळा कडकच असायचा, पण त्याला शेवट असायचा. आता तो लवकर येतो आणि ऑक्टोबरपर्यंत हटत नाही. मी एका पाळणाघरात मदतनीस आहे. उन्हाची मर्यादा ओलांडली की मुलांना अंगणात सोडायचं नाही, असा तिथे नियम आहे. त्या जुलैत अंगण जवळजवळ रिकामंच राहिलं.

पहिली सूचना आली तेव्हा मी घरी होते. बागेजवळच्या खांबावर पालिकेचा लाउडस्पीकर आहे. दुपारी त्याच्यावरून एका बाईचा सावकाश आवाज घुमायला लागला.

"काय म्हणतेय ती?" बाबांनी विचारलं.

"हवा खराब झालीये. बाहेर पडू नका, खिडक्या लावून घ्या, डोळे किंवा घसा चुरचुरला तर धुवा."

बाबा उठून खिडकीशी गेले. निळंशार आकाश, दूरच्या इमारतीसुद्धा स्पष्ट. "धूर कुठाय?"

मी पाळणाघरातल्या प्रशिक्षणात ऐकलेलं त्यांना सांगितलं. गाड्यांतून, कारखान्यांतून जे वायू निघतात त्यांच्यावर कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो. तो दिसत नाही. वारा पडला की जमिनीलगत साठून राहतो. जितकं ऊन जास्त, तितका तो जास्त होतो.

"म्हणजे गाडीतून धूर निघत नसला तरी?"

"थोडं तर निघतंच ना बाबा. उरलेलं ऊन करतं."

पुढे कितीतरी दिवस रस्त्यावरून ट्रक गेला की बाबा त्याच्या मागे बघत राहायचे.

या सूचनेबद्दल बाईंनी मला एकदा जिन्यात थांबून सांगितलं. त्या तरुण असताना, शहरात सगळीकडे कारखाने होते तेव्हा, एका उन्हाळ्यात खेळाच्या तासाला मुली मैदानावर खोकत खाली बसायला लागल्या. डोळे लाल, श्वास लागलेला. एकेकीला उचलून त्यांनी त्या खोलीत आणलं. कॉट संपल्या, मग जमिनीवर निजवलं. "पुढे कारखाने सुधारले, गाड्या सुधारल्या," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, संपलं ते. आता ऊनच असं झालंय." तो लाउडस्पीकर वाजला की त्या आजही पहिल्यांदा सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतात, असंही म्हणाल्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचा एसी बंद पडला. दुरुस्तीवाल्यांकडे इतकी कामं साचली होती की महिनाअखेरीच्या आधी कुणी येणार नव्हतं. नवा घ्यायचा तरी बसवायला माणूस नव्हता. बाईंनी दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, मानेला ओला टॉवेल गुंडाळला आणि पंख्यासमोर बसायला लागल्या. आम्ही वर या म्हटलं की, "दाइजोबु, दाइजोबु." ठीक आहे, काही होत नाही.

मग एका दुपारी पुन्हा सूचना आली. मी पाळणाघरात होते. मुलांना आत घेतलं, खिडक्या लावल्या आणि बाबांना फोन केला, "एसी लावा, खिडक्या बंद करा."

"केल्या. पण बाईचं काय? तिने पण बंद केल्या असतील."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उन्हासाठी खिडक्या उघड्या हव्यात आणि हवेसाठी बंद. ज्यांच्याकडे एसी चालू आहे त्यांना यात काही निवडावं लागत नाही.

पुढचं मला बाबांनी सांगितलं. ते खाली गेले. बाईंनी दार उघडलं, तर आतून भट्टीसारखी झळ आली. चेहरा लालबुंद. बाबांनी वर चला म्हणून खुणा केल्या. बाईंनी वाकून नमस्कार केला, दाइजोबु म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. बाबा वर आले, बसवेना म्हणून पुन्हा खाली गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला, खोकले आणि जिन्यात बसकण मारली. "बाई, दमा, दमा," म्हणाले आणि वर बोट दाखवलं.

बाई पायात चपला सरकवून लगेच बाहेर आल्या. त्यांना धरून वर घेऊन आल्या, खुर्चीत ताठ बसवलं, नाडी बघितली. बाबांनी एसी वाढवला. मी पुन्हा फोन केला तेव्हा ते हळूच म्हणाले, "नाटक चाललंय. तू ठेव फोन."

बाई मला नंतर म्हणाल्या, "नाटक मला जिन्यातच कळलं होतं. ज्याला खरंच श्वास लागतो तो इतकं बोलत नाही. पण माझ्यासाठी ते इतक्या वेळा खाली-वर करत होते. मग आले."

संध्याकाळ होता होता बाबांचं बोलणं थांबलं. खांदे वर-खाली व्हायला लागले, ओठ निळसर झाले. इनहेलर दोनदा घेऊनही श्वास मोकळा होईना. हे खरं आहे, हेही बाईंना लगेच कळलं. त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली. मी पोहोचले तेव्हा ती खाली उभी होती आणि बाई जिन्याच्या कठड्याला धरून कर्मचाऱ्याला सगळं सांगत होत्या. किती वर्षांचा दमा, कुठलं औषध. खुणांच्या बोलण्यातून त्यांना हे सगळं कधी कळलं होतं कोण जाणे. कर्मचारी एकामागून एक हॉस्पिटलला फोन लावत होता. उन्हाने आजारी पडलेल्यांनी सगळी भरली होती. रुग्णवाहिका बराच वेळ जागेवरच उभी राहिली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी कागदावर फुप्फुसाचं चित्र काढून मला समजावलं. ओझोनने श्वासनलिका आतून सुजतात. त्याच वेळी उन्हाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, शरीर थंड ठेवायला हृदय जास्त धावत असतं. "नुसतं ऊन असतं तर त्यांना सोसलं असतं," ते म्हणाले. "नुसती हवा खराब असती तरी बहुतेक सोसलं असतं. आता ही दोन्ही एकाच दिवशी येतात. जिना चढल्यामुळे ती हवा छातीत खोल गेली."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. मास्कच्या आतून ते म्हणाले, "बाई बरी आहे ना?"

त्या बऱ्या होत्या. मी त्यांना आमच्या घराची किल्ली दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "रोज दुपारी वर येऊन बसायचं, एसी लावायचा," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्यासाठी मी दाराशी सपाता काढून ठेवल्या, फ्रिजमध्ये सातूच्या गार चहाचा जग ठेवला. संध्याकाळी आले की सपाता जागच्या जागी आणि जग भरलेला. विचारलं की म्हणायच्या, "आज वारा होता. उद्या येईन."

बाबा अजून हॉस्पिटलमध्येच होते तेव्हा पुढची सूचना आली. मी पाळणाघरातून बाईंना फोन केला. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण नीट बोलल्या. "हो, आता जातेच वर."

संध्याकाळी घरी आले. सपाता जागच्या जागी. घर तापलेलं, एसी बंद. मी तशीच खाली धावले, बेल वाजवली, दार वाजवलं. इमारतीच्या व्यवस्थापकाने येऊन दार उघडलं.

खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. फटींना चिकटपट्टीही लावली होती. पंखा फिरत होता, तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. बाई टेबलाजवळ कुशीवर पडल्या होत्या. मानेचा टॉवेल कोरडा ठणठणीत झाला होता. अंगाला हात लावला तर चटका बसला. श्वास होता. मी त्यांच्या काखेत, मानेखाली बर्फ ठेवत राहिले, हाका मारत राहिले. रुग्णवाहिकेतून नेताना त्यांचा हात एकदा हलला. मग त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

मुलगा उत्तरेकडून आला. पन्नाशीचा, थकलेला गृहस्थ. आमच्या दाराशी उभं राहून त्याने खूप खाली वाकून, त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. किल्ली पांढऱ्या रुमालात बांधून आणली होती. मी त्याला आत बसवलं. म्हणाला, "आईला मी फोनवर रोज सांगायचो, वर जा. ती म्हणायची, त्यांचे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत, घरात कुणी नाही. लोकांच्या रिकाम्या घरात जाऊन मी कशी बसू, त्यांची वीज कशी जाळू?"

बाबांना मी लगेच सांगितलं नाही. घरी आणल्यावर, जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले आणि त्यांनी बेलला हात घातला. तेव्हा सांगावं लागलं. ते पायरीवर बसले. म्हणाले, "मी घरात असतो तर ती आली असती."

मी म्हटलं, "हो बाबा." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

ऑक्टोबर उजाडला तेव्हा कुठे ऊन उतरलं. बाबा परत जायचं म्हणाले आणि आम्ही अडवलं नाही. आले होते त्यापेक्षा दमा जास्तच घेऊन ते गेले. आता पुण्यातही ते मजला चढताना दोनदा थांबतात. दुरुस्तीवाला ठरल्या दिवशी, ऑगस्टच्या शेवटी, आला होता. बेल वाजवून बघितली आणि दाराला चिठ्ठी लावून गेला. वेल मुलाने जायच्या आधी कापून टाकला. ती जागा अजून रिकामीच आहे.

यंदा मे महिन्यातच इथे पहिली सूचना आली. त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. तिकडच्या डॉक्टरांनीही आता दुपारी खिडक्या लावून आत बसा म्हणून सांगितलंय. पुण्यातही उन्हाच्या दिवसांत ओझोन वाढतो म्हणे. बाबांनी सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, नुसतं कळवलं.

"आता कुठे नेशील मला?" त्यांनी विचारलं.

मग जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.